पिकाच्या काडाकचऱ्यापासून पीयू फोम: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी, काड वाळवण्यापासून फोम कापण्यापर्यंत

गव्हाचं काड, भाताचा पेंढा, उसाचं चिपाड, कपाशीच्या पऱ्हाट्या, मक्याची ताटं, यातलं काहीही गरम ॲसिडवाल्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवून त्याचा पॉलिऑल (अनेक ओएच गट असलेला घट्ट द्रव) करता येतो आणि त्या पॉलिऑलपासून पॉलियुरेथेन (पीयू) फोम, इतपत बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. पण करायला घेतलं की फोम कधी फुगून खाली बसतो, कधी मधोमध चिरतो, कधी चार दिवस झाले तरी चिकट तो चिकटच, आणि मग माणूस कॅटॅलिस्ट दोन थेंब कमी दोन थेंब जास्त करत बसतो. माझं सरळ मत आहे की यातला बहुतेक गोंधळ कपात काही ओतायच्या आधीच झालेला असतो, पॉलिऑलचे तीन आकडे न मोजल्यामुळे. म्हणून या लेखात मिक्सिंगपेक्षा मोजणीवरच जास्त जोर आहे, कंटाळवाणं वाटलं तरी तो भाग गाळू नका.

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकू. "काडाचा फोम" म्हटलं तरी त्यात काड किती असतं? सॉल्व्हंट आणि काड ४:१ घेतलं तर पॉलिऑलमध्ये काडाचा वाटा जेमतेम पाचवा हिस्सा, आणि १०० ग्रॅम पॉलिऑलला साधारण १२० ग्रॅम आयसोसायनेट (पॉलिऑलशी जुळून फोम बनवणारं दुसरं रसायन) लागतं, म्हणजे तयार फोममध्ये काड ९-१० टक्क्यांच्या आसपासच. बाकी सगळं पेट्रोलियमवालं, ग्लिसरॉल बायोडिझेलमधून आलेलं असेल तर थोडं अजून हिरवं. करण्यासारखं नाही असं अजिबात म्हणत नाही, पण लोकांना सांगताना "१००% नैसर्गिक" वगैरे बोलू नका.

आधी सेफ्टी, कारण इथे सॉरी चालत नाही

हे किचनमध्ये किंवा बंद खोलीत करायचं काम नाही. फ्यूम हूड असलेली लॅब आणि हे काम आधी केलेला एखादा माणूस सोबत, एवढं नसेल तर सध्या फक्त वाचा. दोन ठिकाणी खरा धोका आहे. पहिला लिक्विफॅक्शनच्या, म्हणजे काड विरघळवण्याच्या वेळी, १५० डिग्रीवर सल्फ्युरिक ॲसिड आणि ग्लिसरॉल एकत्र असतात, आणि ग्लिसरॉलमधलं पाणी निघून गेलं की थोडं ॲक्रोलीन तयार होतं, डोळ्यांतून घळाघळा पाणी काढणारा विषारी वायू आहे तो. दुसरा धोका आयसोसायनेटचा. त्याच्या वाफेने किंवा कातडीला लागल्याने शरीर एकदा सेन्सिटाइज झालं की पुढे अगदी किंचित संपर्कानेही दम्याचा अटॅक येऊ शकतो आणि ही सवय शरीर सहसा विसरत नाही. युरोपियन युनियनमध्ये तर २४ ऑगस्ट २०२३ पासून ०.१ टक्क्यापेक्षा जास्त मोकळं डायआयसोसायनेट असलेला माल कामासाठी वापरायचा असेल तर आधी ट्रेनिंग कंपल्सरी आहे. आयसोसायनेटच्या प्रकारांपैकी तुम्ही पॉलिमेरिक एमडीआयच घ्या, टीडीआय नवख्याने हातात धरू नये, ते खोलीच्या तापमानालाही बरंच जास्त उडतं. नायट्राइल ग्लोव्ह्ज, गॉगल, पूर्ण बाह्यांचा कोट, हूड चालू. आणि ज्याला आधीच दमा आहे त्याने एमडीआयवालं काम दुसऱ्याला द्यावं.

सांडलं तर पुसायला ५-१० टक्के वॉशिंग सोडा आणि थोडं साबणाचं पाणी आधीच करून ठेवायचं. ते भिजवलेलं कापड किंवा भुसा डब्यात टाकला की झाकण घट्ट लावायचं नाही, एमडीआय आणि पाण्याचा कार्बन डायऑक्साइड बनत राहतो आणि बंद डबा फुगून फुटतो. दोन दिवस हूडमध्ये सैल झाकणाने ठेवायचा.

काड तयार करणं

आधी पाण्याने धुऊन माती काढा. हे नुसतं स्वच्छतेसाठी नाही, काडातलं पोटॅशियम बऱ्यापैकी पाण्यात निघून जातं, आणि राखेतले हे अल्कली तुमचं कॅटॅलिस्ट ॲसिड फुकट खातात. मग उन्हात आणि नंतर ओव्हनमध्ये १०५ डिग्रीवर, वजन उतरायचं थांबेपर्यंत. दळून २० ते ८० मेशच्या चाळणीतलं घ्या, म्हणजे साधारण ०.२ ते ०.८ मिलिमीटर. फार बारीक पीठ करायची हौस नको, ते गुठळ्या धरतं आणि दळायला वीज जाते ती वेगळीच.

पहिल्या वेळी गव्हाचं काड किंवा चिपाड घ्या. भाताचा पेंढा मुद्दाम टाळा, त्यात राखच दोन आकडी टक्के निघते आणि त्यातली बरीचशी सिलिका, जी कितीही उकळलीत तरी विरघळत नाही, मग तुम्हाला वाटत राहतं की रिॲक्शन अर्धवट राहिली.

लिक्विफॅक्शन

सुरुवातीची बॅच अशी धरू: वाळलेली पावडर १०० ग्रॅम, पीईजी ४०० (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) ३२० ग्रॅम, ग्लिसरॉल ८० ग्रॅम, आणि ९८% सल्फ्युरिक ॲसिड १२ ग्रॅम, म्हणजे सॉल्व्हंटच्या ३ टक्के. एक लिटरचा तीन तोंडाचा फ्लास्क, ऑइल बाथ, वरून दणकट मेकॅनिकल स्टरर, कंडेन्सर, आणि थर्मामीटर द्रवात बुडलेला, बाथमधलं तापमान बघून फसू नका. मॅग्नेटिक स्टरर इथे चालत नाही, पहिल्या दहा मिनिटांतच अडकतो.

पीईजी आणि ग्लिसरॉल थंड असतानाच ढवळत ढवळत ॲसिड हळूहळू सोडायचं, मग १५० डिग्रीला न्यायचं, आणि पावडर चार-पाच हप्त्यांत टाकायची. एकदम टाकली तर फ्लास्कमध्ये मावणारच नाही, १०० ग्रॅम काडाची पावडर दिसायला केवढी तरी असते. प्रत्येक हप्त्याला तापमान पडतं, ते परत वर येऊ द्या मग पुढचा हप्ता. बघायला मजा येते हे, पावडर आधी वर तरंगते, मग सगळं ओल्या चिखलासारखं घट्ट होतं, स्टररचा आवाज बदलतो, आणि मग काही मिनिटांत रंग तपकिरीचा काळा होत होत तोच चिखल अचानक पातळ होऊन सुळसुळीत फिरायला लागतो. तिथून पुढे १५०-१६० वर ६० ते ९० मिनिटं.

आत काय चाललंय ते थोडं समजून घ्या म्हणजे वेळ का सांभाळायचा ते कळेल. लिग्निन आणि हेमिसेल्युलोज आधी तुटतात, सेल्युलोजचा क्रिस्टलाइन भाग सगळ्यात शेवटी, कारण त्यात सॉल्व्हंट शिरतच नाही लवकर. सेल्युलोज आधी ग्लुकोसाइड होतं आणि पुढे जास्त शिजलं की त्याचे लेव्ह्युलिनिक ॲसिडवाले एस्टर होतात. आणि हे तुकडे लिग्निनच्या तुकड्यांशी परत जुळायला लागतात, त्याला रिकंडेन्सेशन म्हणतात. म्हणजे न विरघळलेला गाळ आधी कमी कमी होतो आणि जास्त वेळ ठेवलं किंवा तापमान चढवलं की परत वाढायला लागतो! "अजून अर्धा तास ठेवू, अजून पातळ होईल" हा विचार म्हणूनच उलटा पडतो. ग्लिसरॉल घालतो तेही मुख्यतः हे परत जुळणं रोखायला, नुसत्या पीईजीमध्ये हे लवकर सुरू होतं.

३०, ६०, ९० मिनिटांना २-२ ग्रॅम सॅम्पल काढा. वेळ संपली की फ्लास्क बाथमधून बाहेर, जरा थांबून थंड पाण्यात, नुसता हीटर बंद करून सोडून देऊ नका, तेल तासभर गरम राहतं आणि रिॲक्शन चालूच.

गाळ किती राहिला

सॅम्पल वीसेक पट डायऑक्सेन-पाणी ८०:२० मध्ये ढवळून, वजन केलेल्या फिल्टर पेपरवर गाळायचं, गाळ धुऊन १०५ डिग्रीवर वाळवून वजन. डायऑक्सेन नको असेल, आणि नसलेलाच बरा, तर मिथेनॉल आणि ॲसिटोनने धुवा, फक्त दरवेळी तेच वापरा. हिशोब असा की आपल्या ५१२ ग्रॅम बॅचमध्ये १०० ग्रॅम काड आहे, म्हणजे २ ग्रॅम सॅम्पलमध्ये मूळ काड ०.३९ ग्रॅम, आणि वाळलेला गाळ ०.०४ ग्रॅम भरला तर उरलेला गाळ साधारण १० टक्के. पहिल्या बॅचला १०-१५ टक्क्यांत आलात तर चांगलंच काम झालं. तीन वेळांचे आकडे कागदावर मांडा, कुठे सगळ्यात खाली गेलंय तीच तुमच्या काडासाठीची वेळ, दुसऱ्याची वेळ उसनी घेऊ नका.

ॲसिड मारणं

हे अनेक जण विसरतात. १२ ग्रॅम सल्फ्युरिक ॲसिड पॉलिऑलमध्ये तसंच राहिलं तर एकट्याचाच ॲसिड नंबर (एक ग्रॅममधलं ॲसिड मारायला लागणारं पोटॅशियम हायड्रॉक्साइड, मिलिग्रॅममध्ये) साधारण २७ होतो, आणि हे ॲसिड फोमिंगच्या वेळी तुमचा अमाइन कॅटॅलिस्ट पकडून ठेवतं. मग कॅटॅलिस्ट वाढवत जा, फोम उठतच नाही. न्यूट्रल करायला कॉस्टिकचं (सोडियम हायड्रॉक्साइड) द्रावण चालतं, जवळपास ९.८ ग्रॅम कॉस्टिक लागतं, पण त्याबरोबर पाणीही आत जातं. मला मॅग्नेशियम ऑक्साइड जास्त सोयीचं वाटतं, ४.९ ग्रॅमच्या आसपास, बारीक पावडर, कोमट पॉलिऑलमध्ये तासभर ढवळत ठेवायची. रिॲक्शनमध्ये थोडं पाणी यातूनही निघतंच, दोनेक ग्रॅम. मग कापडातून किंवा जाड जाळीतून गाळून मीठ आणि काडाचा गाळ काढायचा, थोडा बारीक गाळ राहिला तर फोम बिघडत नाही, पण मोठे कण राहिले की तिथे मोठी छिद्रं पडतात. शेवटी रोटरी व्हॅक्यूमवर पाणी जितकं निघेल तितकं काढा.

तीन आकडे: ओएच नंबर, ॲसिड नंबर, पाणी

आता खरा कामाचा भाग.

ॲसिड नंबर सोपा आहे, एक-दोन ग्रॅम पॉलिऑल डायऑक्सेन-पाण्यात विरघळवून ०.१ नॉर्मल कॉस्टिकने टायट्रेट. ओएच नंबर म्हणजे पॉलिऑलमध्ये ओएच गट किती ते, त्याच पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या मापात; त्यासाठी थॅलिक अनहायड्राइड-पिरिडिनची पद्धत, एएसटीएम डी ४२७४ मध्ये सगळी स्टेप बाय स्टेप दिलेली आहे. मोजलेलं रीएजंट पॉलिऑलशी गरम करायचं, उरलेलं कॉस्टिकने टायट्रेट करायचं, ब्लँक (पॉलिऑलशिवायचं टायट्रेशन) उणे सॅम्पल, गुणिले नॉर्मॅलिटी, गुणिले ५६.१, भागिले सॅम्पलचं वजन, आणि त्यात ॲसिड नंबर मिळवायचा. पिरिडिनचा वास डोकं उठवतो, हूडच्या बाहेर बाटली उघडायची नाही. आणि एक प्रॅक्टिकल गोष्ट, फिनॉल्फ्थॅलिन इथे निरुपयोगी आहे कारण पॉलिऑल डांबरासारखा काळा, गुलाबी रंग दिसणार कुठे? पीएच मीटर लावा आणि ८.३ च्या जवळचा पॉइंट धरा, दोन्ही टायट्रेशनला.

आकडा बरोबर आलाय की नाही याचा अंदाज आधीच बांधता येतो. पीईजी ४०० चा ओएच नंबर साधारण २८०, ग्लिसरॉलचा १८२८, म्हणजे ८०:२० मिश्रण सुरुवातीला ५९० च्या आसपास. शिजताना पाणी निघतं, एस्टर होतात, म्हणून हा आकडा खाली येतो. तयार पॉलिऑल ३०० ते ५०० मध्ये आला तर कडक फोमसाठी मस्त. ६५० वगैरे आला तर काही तरी चुकलंय, मोजणी परत करा. मऊ गादीचा फोम मात्र यातून होणार नाही, त्याला ओएच नंबर बराच खाली लागतो, ते डोक्यातून काढून टाका.

पाणी कार्ल फिशर टायट्रेटरवर मोजायचं. मशीन नसेल तर बाहेरून करून आणा पण आणाच, कारण पुढचा हिशोब बघा.

एमडीआय किती लागेल

ओटो बायर आणि त्याच्या टीमने १९३७ मध्ये जर्मनीत ही केमिस्ट्री काढली तेव्हापासून मूळ गोष्ट तीच आहे, आयसोसायनेट ओएचला पकडतं आणि युरेथेन बनतं, आणि पाण्याला पकडलं तर युरिया आणि कार्बन डायऑक्साइड बनतो, तोच आपला फुगवणारा वायू. पाणी फार खादाड आहे, त्याचं इक्विव्हॅलंट वजन (एका आयसोसायनेट गटाला पुरणारं वजन) फक्त ९.

समजा ओएच नंबर ३५० आला. १०० ग्रॅम पॉलिऑलमध्ये इक्विव्हॅलंट = ३५० × १०० ÷ ५६१०० = ०.६२४. पॉलिऑलमध्ये आधीच ०.५ टक्के पाणी आहे आणि आपण वरून १.५ ग्रॅम घालणार, एकूण २ ग्रॅम, म्हणजे २ ÷ ९ = ०.२२२. बेरीज ०.८४६. एमडीआयमध्ये एनसीओ (रिॲक्शन करणारा आयसोसायनेट गट) ३१ टक्के असेल, डब्याबरोबरच्या कागदावर बघा, तर त्याचं इक्विव्हॅलंट ४२०० ÷ ३१ = १३५.५. गुणाकार ११४.६ ग्रॅम. इंडेक्स (हिशोबाने लागणाऱ्या १०० ला प्रत्यक्षात घातलेला एमडीआय) १०५ ठेवायचा तर गुणिले १.०५, म्हणजे साधारण १२० ग्रॅम.

आता समजा पॉलिऑलमध्ये अजून १ टक्का पाणी होतं आणि तुम्ही मोजलंच नाही. तो एक ग्रॅम एकटाच १५ ग्रॅम एमडीआय खातो आणि तुमचा १०५ चा इंडेक्स गुपचूप ९३ वर येतो, वर गॅसही जास्त. फोम जोरात फुगणार, चिकट राहणार, आणि मग आकसणार. कॅटॅलिस्टचा यात काय दोष?

कपमधला पहिला फोम

पहिले सगळे ट्रायल २० ग्रॅम पॉलिऑलवरच करा. मोठा ब्लॉक ओतू नका, ही रिॲक्शन उष्णता सोडते आणि फोम स्वतःच इन्सुलेटर, आतली उष्णता बाहेर पडत नाही, मोठे ब्लॉक आतून करपतात आणि पेटल्याचेही प्रकार होतात.

एक लिटरचा कागदी कप. २० ग्रॅम पॉलिऑल, सिलिकॉन सर्फॅक्टंट ०.४ ग्रॅम, अमाइन कॅटॅलिस्ट ०.२ ग्रॅम, डायब्युटिल टिन डायलॉरेट ०.१ ग्रॅम, पाणी ०.३ ग्रॅम. टिनवाला विषारी आहे, हाताला लागू देऊ नका, आणि तराजू निदान ०.०१ ग्रॅमचा हवा, थेंब मोजून हे होत नाही. पॉलिऑल थंडीत मधापेक्षा घट्ट असतो, तेव्हा आधी कोमट करून पातळ करा आणि मग २५ डिग्रीला आणा, गरमच वापरलात तर सगळं इतक्या वेगात होतं की ढवळणं पुरं होत नाही. ही बाजू मिक्सरवर एक मिनिट फिरवा. मग २४ ग्रॅम एमडीआय एकदम ओतून २००० आरपीएमला दहा-पंधरा सेकंद, बस्स, मिक्सर बाहेर.

स्टॉपवॉच एमडीआय ओततानाच चालू करायचं. काळ्या मिश्रणाचा रंग फिका पडून ते वर सरकायला लागतं तो क्रीम टाइम. काडी टोचून वर ओढली की तार निघते तो जेल टाइम. वर चढणं थांबतं तो राइज टाइम, आणि वरचा पृष्ठभाग काडीला चिकटेनासा होतो तो टॅक-फ्री. प्रत्येक कपावर हे चारही लिहा, बिघाड शोधायला दुसरं काही लागत नाही. ०.४ ग्रॅम पाण्यातून अर्धा लिटरच्या आसपास गॅस निघतो, त्यामुळे कप भरत आला की घाबरायचं कारण नाही, पण तोंड त्याच्यावर नेऊन बघायचं नाही, त्या वेळी वाफा निघतात.

बिघाडाचं थोडक्यात: फुगून खाली बसला तर गॅस लवकर आणि जेल उशिरा, टिनवाला कॅटॅलिस्ट किंचित वाढवा किंवा सर्फॅक्टंट बघा. मधोमध चिरला तर उलट, जेल आधी झाला आणि गॅस कोंडला, टिन कमी करा. क्रीम टाइमच फार लांबला तर ॲसिड नंबर परत मोजा. दुसऱ्या दिवशी आकसून सुरकुतला तर इंडेक्स कमी पडलाय किंवा भिंती कमकुवत आहेत, कारण बंद पेशींतला कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो आणि हवा तितक्या वेगाने आत येत नाही. दाबल्यावर भुगा पडत असेल तर पाणी किंवा इंडेक्स जास्त, कधी ग्लिसरॉलही जास्त, पुढच्या लिक्विफॅक्शनला ९०:१० करून बघा.

कापणं आणि तपासणं

निदान २४ तास हूडमध्ये राहू द्या, दोन-तीन दिवस मिळाले तर उत्तम. कापायला बारीक दातांची करवत, गरम तार नको, तापलेल्या फोममधून परत आयसोसायनेटच्या वाफा निघतात. "जळतो का बघू" म्हणून काडी लावणं तर अजिबात नको, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड दोन्ही येतात धुरात. बाहेरची कडक साल काढून आतला चौकोनी तुकडा घ्या, वजन भागिले घनफळ ही घनता. दाबायची ताकद आयएसओ ८४४ प्रमाणे मोजताना फोम ज्या दिशेने उठला तिची खूण तुकड्यावर करून ठेवा, पेशी त्या दिशेला लांबट असतात म्हणून उभा आणि आडवा आकडा वेगळा येतो, आणि लोक नेमकी हीच खूण करत नाहीत. एक तुकडा ७० डिग्रीच्या ओव्हनमध्ये आणि एक फ्रीजरमध्ये दोन दिवस ठेवून मापं परत घ्या, एक-दोन टक्क्यांच्या आत फरक असेल तर रेसिपी पुढे न्यायला हरकत नाही.

पुढची बॅच करताना काडाचा वाटा वाढवायचा मोह होणारच, पण ४:१ वरून थेट २:१ वर उडी मारू नका. सॉल्व्हंट कमी झालं की रिकंडेन्सेशन लवकर सुरू होतं, त्यामुळे आधी ३.५:१ आणि मग ३:१, आणि प्रत्येक वेळी गाळाचे तीन आकडे नव्याने काढायचे, कारण योग्य वेळही पुढेमागे सरकते.